वाटत आणि वाटतं

आईने त्या संध्याकाळी फोनवर एक वाक्य उच्चारले आणि मी ते चुकीचे ऐकले. घटना एवढीच. दोन-तीन दिवस तिच्या अंगात कणकण होती, म्हणून मी विचारले, "आज कसं आहे?" पलीकडून उत्तर आले, "आज जरा बरं वाटतं." शेवटचा स्वर किंचित लांबला, छेडलेली तार रेंगाळावी तसा, आणि मग क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मी उत्साहाने "चला, छान झालं!" असे म्हणून दुसऱ्याच विषयाकडे वळलो. ती थोडा वेळ गप्प राहिली. नंतर बोलली, पण नेहमीपेक्षा कमी, आणि फोनही लवकर ठेवला. दोन दिवसांनी कळले की त्या रात्री तिला सणसणून ताप भरला होता. "अगं आई, मला सांगायचंस तरी," असे मी म्हणालो, तेव्हा ती अगदी शांतपणे म्हणाली, "सांगितलं होतं. तू छान झालं म्हणालास. म्हटलं, घाईत असशील."

तिचे मूळ वाक्य होते, "आज जरा बरं वाटत नाही."

मराठीत नकार बहुधा वाक्याच्या टोकाला येतो, हे शाळेपासून ठाऊक असले तरी त्यात काही धोका आहे असे कधी मनात आले नव्हते. वाक्याचे शेपूट तुटले तर उरलेले धड होकारार्थी होऊन चालू लागते. ‘वाटत’ आणि ‘वाटतं’ यांच्यात अंतर एका अनुस्वाराचे आहे, आणि तो अनुस्वार आईने उच्चारलाच नव्हता. मग तो आला कोठून, हा प्रश्न मला पुढे कित्येक दिवस छळत राहिला. आईशी माझे बोलणे इंटरनेटवरूनच होत असे. अशा संभाषणात आवाजाचे साधारणपणे २० मिलिसेकंदांचे तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र पॅकेटात घालून रवाना केला जातो. म्हणजे सेकंदाला पन्नास पाकिटे. त्यांतले एखादे वाटेत हरवले तर ते पुन्हा मागवण्यात अर्थ नसतो, कारण ते येईपर्यंत बोलणे पुढे सरकलेले असते. म्हणून ऐकणाऱ्याच्या बाजूचे सॉफ्टवेअर एक युक्ती करते. शेवटी आलेला आवाज ते जरासा ताणते, हळूहळू विरवते आणि खळगा बुजवते. एक-दोन पाकिटांपुरती ही युक्ती इतकी बेमालूम असते की कानाला पत्ता लागत नाही. त्या संध्याकाळी ‘नाही’मधल्या ‘न’चा पहिला नासिक्य अंश माझ्यापर्यंत पोहोचला असावा, त्यापुढची वीसेक पाकिटे गळाली असावीत, आणि तो अर्धवट ‘न’ ताणला जाऊन त्याचा अनुस्वार झाला असावा, असा माझा अंदाज आहे. नकाराच्याच पहिल्या कणापासून होकार तयार झाला. अर्थात दुसरीही एक शक्यता आहे, आणि ती मी टाळू शकत नाही. तिला बरे वाटावे अशी माझी इच्छा होती. त्या खळग्यात यंत्राने किती भर घातली आणि माझ्या कानाने किती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

आवाज तुटण्याची तक्रार तशी जुनी होती, मीच ती अंगवळणी पाडून घेतली होती. आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी बोलणे मध्येच खरखरत असे, चेहरा गोठत असे, आणि मग सारे पूर्ववत होत असे. असे झाले की माणूस स्पीड टेस्ट करतो. मीही करत असे. आकडा नेहमी भरघोस येई आणि माझे समाधान होई. वेगाचा हा आकडा गळती झाकतो, हे मला फार उशिरा उमगले. स्पीड टेस्ट बहुधा टीसीपी या इंटरनेटवरच्या देवाणघेवाणीच्या नियमावलीवर चालते, आणि टीसीपीचे कामच हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवून घेऊन वर काही घडलेच नाही असे दाखवण्याचे आहे. त्यातून अशा चाचणीत एकाच वेळी अनेक जोडण्या उघडल्या जातात. एक अडखळली तरी बाकीच्या भर काढतात. पाने उघडत होती, चित्रपट चालत होते, कारण त्यांच्याजवळ पुढचा साठा जमवून ठेवायला वेळ असतो. बोलण्याजवळ तो नसतो. घरातल्या सगळ्या कामांमध्ये फक्त आईचा आवाजच खरी परिस्थिती सांगत होता आणि मी त्याच्यावर विश्वास न ठेवता आकड्यावर ठेवत होतो.

‘नाही’ हरवल्यानंतर मात्र मी पिंग लावून बसलो.

पिंग हा प्रोग्रॅम माइक म्यूस या अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतील प्रोग्रॅमरने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. पाणबुडीचा सोनार पाण्यात एक टिपेचा ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी ऐकतो. त्या ध्वनीवरून हे नाव आले. एक छोटे पॅकेट पाठवायचे, समोरच्याने ते परत पाठवायचे आणि मध्ये गेलेला वेळ मोजायचा, यापलीकडे त्यात काही नाही. मी सेकंदाला एक या दराने ते पूर्ण दिवसभर चालू ठेवले. ८६,४०० हाका मारल्या गेल्या, त्यांपैकी ५१८ हाकांना उत्तर आले नाही. गळती ०.६ टक्के. हा आकडा पाहून कोणीही म्हणाला असता की ठीकच चालले आहे, आणि ग्राहक सेवेतील मुलगी तेच म्हणाली. परंतु नोंदी तासांप्रमाणे लावून पाहिल्या तेव्हा त्या ५१८ पैकी ५०० नोंदी संध्याकाळी सात ते दहा या तीन तासांत सापडल्या. त्या वेळेपुरती गळती साडेचार टक्क्यांहून जास्त होती, आणि तीही एकसारखी पसरलेली नव्हती, झुबक्यांनी आलेली होती. दिवसभराच्या सरासरीने तीन तासांचा आजार एकवीस तासांच्या आरोग्यात विरघळवून टाकला होता. पुढे मी सेकंदाला पाच पिंग लावले, कारण सेकंदातून एकदा डोकावणाऱ्याला त्या सेकंदाच्या पोटात काय घडते ते दिसत नाही.

पहिला संशय वायफायवर गेला आणि तो अगदीच खोटा नव्हता. घरातल्या राउटरलाच पिंग केले तरी अधूनमधून एखादे उत्तर चुकत होते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या म्हणाव्यात अशा वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. आजूबाजूची सारी घरे त्यांतच गर्दी करतात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण त्याच लहरींवर चालतो. मी संगणक केबलने थेट राउटरला जोडला. राउटरपर्यंतची गळती शून्यावर आली. बाहेरची मात्र थोडीशीच घटली. एका रोग्याला दोन रोग असले की पहिला बरा झाल्याचा आनंदच दुसऱ्याला लपवतो. मी चार दिवस विजयी मुद्रेने वावरलो. पाचव्या संध्याकाळी आईचे वाक्य पुन्हा अर्ध्यावर तुटले.

आता दोष घराबाहेरचा आहे, हे सिद्ध झाल्यासारखे होते. घराबाहेर म्हणजे कंपनी. संध्याकाळी सात ते दहा ही तर सगळ्यांची इंटरनेट वापरण्याची वेळ, म्हणजे गर्दी, म्हणजे कंपनीने पुरेशी क्षमता ठेवलेली नाही. तर्काची ही साखळी मला इतकी पटली की तिच्यावर मी वाचनही करू लागलो. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांना जोडणाऱ्या जेमतेम ४०० यार्डांच्या मार्गावर गर्दीमुळे वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला होता. पॅकेट हरवले की प्रत्येक यंत्र ते पुन्हा पाठवी, त्याने गर्दी वाढे, आणि आणखी पॅकेटे हरवत. त्याच प्रयोगशाळेतील संशोधक व्हॅन जेकबसन यांनी त्यावर जो उपाय काढला तो मला अजूनही सुंदर वाटतो. पॅकेट हरवणे ही समोरच्याने केलेली खूण समजायची आणि आपण आवरते घ्यायचे. आजचे इंटरनेट ज्या शिस्तीवर उभे आहे तिच्यात थोडी गळती हा बिघाड नसतो, ती वाहतूक आवरण्याची भाषा असते. मी ते वाचले, समजून घेतले, आणि त्यातून काढला तो निष्कर्ष एवढाच की माझी कंपनी दोषी आहे. ज्ञान माणसाला नम्र करते म्हणतात. मला तरी त्याने तक्रारअर्जाला परिशिष्टे जोडण्याइतका उद्धट केले.

त्या परिशिष्टांतील एका चुकीची आठवण अजून कान तापवते. वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर किती गळती होते हे दाखवणारे साधन मी चालवले. त्यात चौथ्या टप्प्यावर चाळीस टक्के गळती दिसली आणि मी ती तांबड्या अक्षरांत अधोरेखित करून पाठवली. त्याच यादीत शेवटच्या टप्प्यावर चार टक्केच गळती होती, ते मी पाहिले होते, पण वाचले नव्हते. मधल्या टप्प्यावर खरोखर चाळीस टक्के पॅकेटे पडत असती तर त्यापुढे गेलेल्यांतही तेवढी घट दिसायला हवी होती. चौथा राउटर पॅकेटे इमानाने पुढे पाठवत होता, फक्त माझ्यासारख्या चौकशी करणाऱ्यांना उत्तर देणे त्याच्या कामांच्या क्रमात शेवटी होते. त्या यादीत खरा अर्थ पहिल्या बाहेरच्या टप्प्यातच होता. गळती तेथूनच सुरू होऊन शेवटपर्यंत तशीच कायम राहत होती. म्हणजे बिघाड माझ्या घराच्या भिंतीपासून कंपनीच्या पहिल्या यंत्रापर्यंतच्या काचेच्या तारेत होता. गर्दीचा सिद्धांत तेव्हाच ढासळायला हवा होता. तसे झाले नाही. आवडत्या तर्काला आपण सहजासहजी बेघर करत नाही.

तंत्रज्ञ दोनदा आला, दोन्ही वेळा दुपारी. विशीतला, कमी बोलणारा मुलगा होता. त्याने पेटीतून प्रकाशमापक काढला, फायबरचे टोक त्यात खुपसले आणि आकडा मला दाखवला. उणे २०.४ डीबीएम. डीबीएम म्हणजे प्रकाशाची ताकद डेसिबलच्या हिशेबात सांगणारे माप, उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश मंद. अशा जोडणीत उणे २७-२८ च्या आसपासपर्यंत यंत्र प्रकाश ओळखू शकते, म्हणजे माझ्याकडे भरपूर वाव होता. तरीही त्याने कनेक्टर पुसून घेतला. ज्या गाभ्यातून हा प्रकाश वाहतो त्याचा व्यास सुमारे ९ मायक्रोमीटर असतो, केसाहूनही कितीतरी बारीक, आणि धुळीचा एक कण त्याच्यावर पडदा टाकू शकतो. दुसऱ्या खेपेस जाताना तो म्हणाला, "काका, रीडिंग एकदम ओके आहे. संध्याकाळी होतं म्हणता, पण तार तर तीच असते ना?" मला राग आला. त्याच्या शिष्टपणाचा आला असे मी तेव्हा समजत होतो. खरे तर तो शिष्ट नव्हताच, आणि त्याचा प्रश्न माझ्या सगळ्या परिशिष्टांहून धारदार होता. राउटरच्या पानावर प्रकाशाचा हाच आकडा घरबसल्या दिसतो, हेही त्यानेच दाखवले. मी तो रोज सकाळी पाहू लागलो. रोज उणे २०.४. संध्याकाळी मी तो एकदाही पाहिला नाही, कारण प्रकाश संध्याकाळी बदलतो कशाला, असे मी त्याच्याच शब्दांत स्वतःला सांगत होतो.

शेवटी मदतीला आला तो पिंगचाच एक किस्सा, खुद्द म्यूस यांनी नोंदवून ठेवलेला. एका नेटवर्क सांभाळणाऱ्याला अधूनमधून प्रकटणारा बिघाड सापडत नव्हता. त्याने पिंगचे प्रत्येक उत्तर आले की संगणकाने मोठ्याने ‘पिंग’ असे म्हणावे अशी व्यवस्था केली आणि तो इमारतभर कनेक्टर हलवत हिंडला. आवाज जेथे थांबला तेथे दोष सापडला. पडद्यासमोर बसून राहण्याऐवजी कान मोकळे ठेवून पायांनी शोध घेण्याची ही कल्पना मला फार आवडली. पिंगमध्ये प्रत्येक उत्तरागणिक घंटी वाजवण्याची सोय आजही आहे. एका संध्याकाळी साडेसहाला मी ती चालू केली आणि आवाज मोठा ठेवून घरात वावरू लागलो. टिक, टिक, टिक. संथ, नियमित, जणू घरालाच नाडी फुटली आहे. काही मिनिटांनी मी तो आवाज ऐकणेही विसरलो. राउटर हलवून पाहिला, त्याची वीजतार हलवली, कनेक्टर चिमटीत धरून दाबला. नाडी ढळली नाही. सात वाजत आले तसे मी आईला फोन लावण्यासाठी खुर्ची सरकवली आणि सवयीने खिडकी ओढून घेतली.

टिक, टिक. मग काही नाही. मग घाईघाईने दोन टिक. मग पुन्हा काही नाही.

खिडकीवर हात तसाच ठेवून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. झडप पुन्हा सरकवली. नाडी पूर्ववत. ओढून घेतली. नाडी अडखळली. खाली वाकून पाहिले तर चौकटीच्या कोपऱ्यातून आत येणारी पांढरी बारीक तार झडपेखाली जवळजवळ काटकोनात मुडपली जात होती. ती मूळची तेथे नव्हती. कंपनीच्या माणसांनी ती भिंतीतल्या छिद्रातून नीट आत आणली होती. काही महिन्यांपूर्वी भिंतीला रंग देताना मीच ती चिमट्यांतून सोडवली, छिद्र बुजवले, आणि तात्पुरती म्हणून खिडकीच्या कोपऱ्यातून आत घेतली. नंतर ते विसरून गेलो. मी राउटरचे पान उघडले. झडप बंद असताना आकडा उणे २७.९ होता. दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, त्या हिशेबाने मूळ प्रकाशाचा पाचवा-सहावा हिस्साच आत पोहोचत होता, अगदी ओळखता येण्याच्या काठावर. तार तुटली असती तर लाल दिवा लागला असता आणि पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता. ती तुटली नव्हती. ती फक्त संध्याकाळपुरती वाकत होती. दुपारी येणाऱ्या मुलाला उघड्या खिडकीत बिघाड दिसणार तरी कसा?

आणि खिडकी मी का लावत होतो? बाहेरच्या आवाजात आईचे बोलणे नीट ऐकू येत नाही म्हणून.

एक गोष्ट मात्र तरीही जुळत नव्हती. इतक्या महिन्यांत आईने एकदाही "तुझा आवाज तुटतोय" असे म्हटले नव्हते. मी "ऐकू येतंय का?" असे ओरडलो की ती नेहमी म्हणे, "मला तुझं अगदी स्पष्ट येतंय, ओरडू नकोस." मी तो तिचा समजूतदारपणा समजत होतो. तो समजूतदारपणा नव्हता, ते निदान होते. घरगुती फायबरमध्ये एकाच तारेतून जाणारा आणि येणारा प्रकाश वेगवेगळ्या तरंगलांबीचा असतो. बाहेर जाणारा बहुधा १३१० नॅनोमीटरचा आणि आत येणारा १४९० नॅनोमीटरचा. तार वाकली की अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश वळणावर अधिक निसटतो. त्यामुळे माझे बोलणे त्या मुडपीतून बहुतांशी सुखरूप बाहेर पडत होते आणि तिचे आत येताना सांडत होते. पिंग हे सांगू शकत नाही. जाताना हरवले की येताना, हा भेद त्याच्या मोजणीत नाही, त्याला फक्त उत्तर न आल्याचे कळते. दिशा आईला ठाऊक होती, आणि ती रोज सांगत होती.

तार सोडवून मी पुन्हा छिद्र पाडले आणि ती मोठ्या गोलाईने वळवून आत घेतली. त्या मुलाला फोन करून खरे काय ते सांगितले. तो हसला नाही, "होतं असं, काका," एवढेच म्हणाला. त्याचे उपकार मानायला हवे होते, पण मी चटकन फोन ठेवला. तक्रार बंद करताना कारण निवडायचे होते. त्या यादीत ग्राहकाच्या खिडकीची सोय नव्हती, म्हणून मी ‘इतर’ निवडले.

आता खिडकी लावली तरी नाडी चालू राहते. पिंग मी अजून बंद केलेले नाही. बोलताना एका कोपऱ्यात ते चालू असते आणि नजर तिकडे जाते. आईच्या वाक्याचा शेवट पुन्हा विचारून घेण्याची खोडही जडली आहे, "वाटतं म्हणालीस की वाटत नाही?", आणि त्यावर ती वैतागते. परवा मी असेच विचारले, "आज कसं आहे?" ती म्हणाली, "बरं आहे," आणि थांबली. मी कोपऱ्यात पाहिले. अकरा मिलिसेकंद, बारा, अकरा, अकरा. एकही उत्तर चुकले नव्हते. ती अजून गप्पच होती. मी पिंगची चौकट मिटवली आणि वाट पाहत राहिलो.